एफएमआरआयचा क्लस्टर खरा की योगायोगाचा? माझा अनुभव

पीएचडीसाठी वाक्यं ऐकताना मेंदूत काय घडतं ते मी एफएमआरआयने (रक्तातल्या बदलांवरून मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनने) पाहत होते. गटाचं विश्लेषण झालं आणि नकाशावर दोन क्लस्टर, म्हणजे एकत्र उजळलेले भाग, उमटले. कानशिलाकडच्या भागातला अपेक्षितच होता. कपाळामागचा नवा होता, आणि सगळ्यांना तोच आवडला.

अडचण थ्रेशोल्डची, म्हणजे एखादा ठिपका उजळला असं कधी मानायचं त्या पी-मूल्याच्या मर्यादेची, होती. लॅबमध्ये चालत आलेल्या स्क्रिप्टमध्ये तो ०.०१ होता. मेंदूच्या स्कॅनमध्ये लाखाच्या घरात व्हॉक्सेल, म्हणजे छोटे घनाकृती ठिपके, असतात, त्यामुळे शेजारशेजारचे किती व्हॉक्सेल निव्वळ योगायोगाने एकत्र उजळतील, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठीचं नेहमीचं गणित धरून चालतं की व्हॉक्सेलमधला परस्परसंबंध अंतरानुसार गाउसियन (घंटेच्या आकाराच्या) वक्राप्रमाणे घटतो आणि डेटाचा गुळगुळीतपणा मेंदूभर सारखा असतो. २०१६ साली एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी ४९९ निरोगी लोकांच्या विश्रांतीतल्या स्कॅनवर हे तपासलं. फरक नसलेल्या गटांत चुकीचे निष्कर्ष ५ टक्के यायला हवे होते. काही ठिकाणी ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. ०.०१ वर परिस्थिती ०.००१ पेक्षा बरीच वाईट होती. (४०,००० अभ्यास धोक्यात, हे त्यांच्या शोधनिबंधातलं गाजलेलं विधान लेखकांनी पुढे दुरुस्त केलं. बातम्यांत मात्र तेच उरलं, याचं मला वाईट वाटतं.)

मी आधी स्वतःच्या डेटातले रेसिड्युअल, म्हणजे मॉडेलने न समजावलेला उरलेला भाग, पाहिले. परस्परसंबंधाचा वक्र गाउसियनपेक्षा सावकाश उतरत होता, शेपूट लांब होतं. मग एफएसएल या मेंदू-स्कॅन विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधल्या रँडमाइज या साधनाने परम्युटेशन चाचणी लावली. यात प्रत्येक व्यक्तीच्या नकाशाचं चिन्ह यादृच्छिकपणे उलटवायचं, दर वेळी सर्वांत मोठा क्लस्टर नोंदवायचा, आणि अशा ५,००० नोंदींशी खरा क्लस्टर ताडून पाहायचा. गाउसियन वक्राची गरजच उरत नाही.

पण गृहीतक इथेही आहेच: त्रुटी शून्याच्या दोन्ही बाजूंना सममित हव्यात. एकाच गटाच्या चाचणीत हे बिघडलं तर परम्युटेशनही फसतं, आणि त्याच शोधनिबंधात काही डेटावर तसं दिसलंही होतं. म्हणून मी व्हॉक्सेलनिहाय विषमता (वितरण एका बाजूला किती झुकलंय ते) काढली. दोघाचौघांचे टोकाचे आकडे सोडले तर वितरण ठीक होतं. त्यांना धरून आणि वगळून, दोन्ही प्रकारे चाचणी केली.

कानशिलाचा क्लस्टर दोन्ही वेळा टिकला. कपाळामागचा टिकला नाही. प्रबंधातून तो दावा काढला आणि थ्रेशोल्ड न लावलेला पूर्ण नकाशा न्यूरोव्हॉल्ट या मेंदूच्या नकाशांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर ठेवला, म्हणजे दुसऱ्या कुणाला तिथे खरंच काही सापडलं तर हा डेटाही त्यात जोडता येईल.