नुसतं बसणं

"तुम्ही तर नुसत्या बसूनच असता." कळा देणाऱ्या बाईच्या सोबतीला आलेलं कुणीतरी मला, तिचं बाळंतपण करणारीला, सहज बोलून गेलं. मनात वाईट नव्हतं. तरी रात्र झाली, वाक्य काही जात नाही.

बसून असतो, खरंय. पण हात पोटावर असतो. १० मिनिटांत कळा किती, एकेक किती सेकंद टिकते, मधल्या वेळात गर्भाची पिशवी पूर्ण सैल पडते का, हे तळहाताला कळतं. कळ ओसरली की मिनिटभर बाळाचे ठोके ऐकायचे, ११० ते १६० मध्ये आहेत ना. आधी दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. कळेनंतर ठोके उतरलेलेच राहिले तर बसणं तिथेच संपलं. तिला कुशीवर वळवायचं, डॉक्टरांना हाक मारायची.

"लघवी झाली का?" हे पुन्हापुन्हा विचारणंही लोकांना किरकोळ वाटतं. मूत्राशय भरलेलं असेल तर डोकं खाली सरकायला अडतं, आणि बाळ झाल्यावर पिशवी नीट आवळत नाही. मग रक्त जात राहतं.

टाके घातलेले दिसतात. डोकं दिसू लागल्यावर कोमट पाण्यातून पिळून खाली धरलेला कपडा, "आता जोर नको गं, फुंकर घाल" म्हणून सावकाश आणलेलं डोकं, हे कुणाच्या लक्षात राहणार? जे फाटलंच नाही ते दाखवायचं कसं? फार एकटं वाटतं कधीकधी. असो.

बाळ आल्यावरही थांबायचंच असतं. ते आईच्या छातीवर, पुसून कोरडं केलेलं. पिशवी आवळावी म्हणून ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन तिच्या मांडीत. आणि नाळ किमान एक मिनिट न कापता तशीच. वारेतलं, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाला पिशवीत असलेल्या गोळ्यातलं, रक्त बाळाकडे जातं, पुढचे काही महिने त्यातलं लोह त्याला पुरतं. त्या एका मिनिटात खोलीतल्या सगळ्यांना घाई असते.

बसून असता म्हणे. बरं, असू दे. अडलेल्या बाईला डोळे उघडल्यावर तोच चेहरा तिथेच दिसतो, तेवढ्यासाठीच तर हे काम घेतलं.

वार पडल्यावर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी पिशवी चाचपायची. बेंबीच्या आसपास कडक गोळा लागायला हवा. मऊ लागला तर चोळायचा, रक्त किती जातंय ते बघायचं. शेवटच्या तपासणीला ती बहुधा झोपलेली असते. हात आधी एकमेकांवर घासून ऊबदार करायचे, मग पोटावर ठेवायचे.