तुम्ही विचारलंत म्हणून: जोडीचा फोटो का नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावर मी काढलेला रंगीत पाणलाव्याचा, म्हणजे दलदलीत राहणाऱ्या एका पक्ष्याचा, फोटो पाहिला की बहुतेक जण आधी म्हणतात, "काय देखणा नर आहे!" आणि लगेच विचारतात, "मादी नव्हती का जवळपास? जोडीचा फोटो का नाही काढलात?"

फोटोत आहे ती मादीच. गळ्यापासून छातीपर्यंतचा गडद तांबूस रंग, डोळ्यामागे स्वल्पविरामासारखा ओढलेला पांढरा ठिपका, खांद्यावरून गेलेला पांढरा पट्टा, हे सगळं तिचं. नर तिच्याहून लहान आणि फिका. पंखांवर सोनेरी ठिपके असतात, पण वाळक्या गवतात बसला की तो हरवतो. त्याला हरवावंच लागतं, कारण अंडी तोच उबवतो. मादी साधारण चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराच्या शोधात निघते. पिलांना हिंडवतो, सांभाळतो तोही बापच.

गोदावरी आणि कडवा यांच्या संगमाजवळच्या या बंधाऱ्यात शंभरेक वर्षांचा गाळ साठलाय. बंधाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसान. पाणपक्ष्यांसाठी तीच जमीन. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. हिवाळ्यात बदकं बघायला गर्दी लोटते, पण पाणलावा बारमाही इथलाच. मी त्याच्यासाठी पावसाळ्यात, उजाडायच्या आधी जातो. तो अंधुक उजेडातला पक्षी आहे. ऊन चढलं की पाणकणसाच्या उंच गवतात शिरतो.

तुम्हाला आवडलेल्या फोटोत ती अगदी स्थिर उभी आहे. चाहूल लागली की पाणलावा उडत नाही, जागच्या जागी थिजतो. म्हणून तर इतक्या कमी उजेडात शटर सेकंदाच्या एक साठांशावर ठेवूनही फोटो हलला नाही. पण ती थिजली होती माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. मला स्वतःला त्याच सकाळचा दुसरा फोटो जास्त प्रिय आहे. अर्ध्या तासाने, मी बांधावर पालथा पडून राहिल्यावर, ती शेपटी खालीवर करत चिखलात चोच खुपसू लागली. तो फोटो हललेला आहे, पण त्यात ती निर्धास्त आहे.

आता नराबद्दल. आषाढात दुर्बिणीतून तो मला तीनदा दिसला आणि तिन्ही वेळा पाणकणसाच्या एकाच बेटात शिरला. तिथे घरटं असणार, हे उघड होतं. अंतर फार नव्हतं. फोटो मिळाला असता, पण त्यासाठी मधलं गवत तुडवावं लागलं असतं. तुडवलेली वाट मुंगसाला दिसते, आणि माणूस कुठे वाकून बघतोय हे कावळ्याला कळतं. पूर्वी एकदा टिटवीच्या अंड्यांचा फोटो मी असाच जवळ जाऊन काढला होता. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता. माझ्यामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण तो फोटो मी कुणाला दाखवत नाही.

शिवाय त्या नराला धास्ती कमी नसते. वर दारणा-गंगापूर धरणांतून विसर्ग सुटला की इथलं पाणी फुगतं, आणि घरटं जमिनीवरच असतं. जवळजवळ तीन आठवडे त्याला तिथून हलता येत नाही. त्यात माझी भर कशाला?

मी जागा बदलली आणि पलीकडच्या काठावर बसू लागलो. श्रावणातल्या एका संध्याकाळी तिथूनच आवाज आला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा खोल, सावकाश, पुन्हा पुन्हा. पाणलाव्यात साद घालते ती मादी. माझ्या फोटोतलीच होती की दुसरी, सांगता येणार नाही, पण कुणीतरी दुसऱ्या नराला बोलावत होती.