आत्याबरोबर भुतरामहट्टीला

संक्रांतीनंतरच्या रविवारी आत्याला आणि भाच्याला घेऊन बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन आले. जायचं ठरवलं तिनंच. नोव्हेंबरात पेपरात तिथली काळविटं मेल्याची बातमी आली तेव्हापासून ती म्हणत होती, "एकदा जाऊन बगून येऊया गे." सत्तरी ओलांडलेली बाई, कडोलीत सगळा जन्म म्हशींमागं गेलेला. वाघ-सिंहाचं तिला काही नव्हतं. एखाद्याच्या गोठ्यात जनावर दगावलं की आपण दोन शब्द बोलायला जातो, तसं तिला जायचं होतं.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर बस मिळाली. बायकांना फुकट प्रवास देणाऱ्या कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं आम्हा दोघींना शून्याचं तिकीट, भाच्याचं तेवढं अर्धं काढलं. काकती आली तसे आत्यानं खिडकीतूनच हात जोडले. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा जन्म या गावचा, १७७८ सालचा, आणि पुढं ज्या प्राणीसंग्रहालयात आम्ही निघालो होतो त्यालाही तिचंच नाव. होनग्याचे कारखाने मागं पडले की रस्त्याच्या कडेला टेकड्या सुरू होतात, हवा बदलते. बस अर्धी कॉलेजच्या पोरांनी भरलेली. ती सगळी कानडीत बोलत होती, आम्ही मराठीत, आणि कंडक्टर दोन्हीकडं उत्तरं देत होता. आमच्या भागात बस अशीच चालते.

आत गेल्या गेल्या सगळी गर्दी सिंहाकडं. २०२१ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टातून इथं सिंह आणले, तेव्हापासून बेळगाव, हुक्केरी, संकेश्वरच्या पोरांची सहल इथं ठरलेलीच. भाचाही पळत गेला. दोन-चार तरुण जाळीजवळ उभे राहून सिंहानं मान वर करावी म्हणून हाका मारत होते, शिट्ट्या घालत होते. मला राग आला आणि मी बोलले. ज्या जनावराला तिथून उठून दुसरीकडं जाता येत नाही, त्याला असं सतावणं मला बघवत नाही. पोरं गप्प झाली. त्यांच्यातल्याच एकानं मग मला विचारलं, "हे दिवसाला किती खातंय ओ?" शिट्टी घालणाऱ्या पोराला हा प्रश्न पडतो, हे मला फार मोलाचं वाटलं. प्राणीसंग्रहालयाचं खरं काम त्या प्रश्नापासून सुरू होतं. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेलं आहे की प्राणीसंग्रहालयांनी देशातल्या वन्यजीव संरक्षणाला हातभार लावायचा. जनावरं मांडून ठेवली म्हणजे ते होत नाही. बघणाऱ्याच्या डोक्यात काहीतरी हलावं लागतं.

बिबट्याच्या पिंजऱ्याशी मात्र सगळे शांत होते. त्याला कारण आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात बिबट्या शिरला होता. गोल्फ मैदानाच्या झाडीत तो दडला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, सक्रेबैलच्या छावणीतून हत्ती आणून शोध घेतला, तरी तो हाती लागला नाही. तो महिना बेळगावचं माणूस विसरणार नाही. त्यामुळं इथल्या आया पोरांना बिबट्या दाखवतात तेव्हा "तो आपल्याकडं आलेला बग," असं सांगतात. जंगलातलं जनावर आपल्या दारापर्यंत का येतं, हे समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. तिथं उभं राहून कुणीतरी रोज दोन भाषांत तेवढं सांगायला हवं.

आत्या मात्र यात कुठंच रमली नाही. "काळविटं कुठं हाईत?" एवढंच विचारत होती.

जे झालं ते थोडक्यात सांगते. २०२५ च्या नोव्हेंबरात, १३ तारखेच्या सुमाराला इथली आठ काळविटं मेली. पुढच्या चार-पाच दिवसांत आकडा ३१ वर गेला. कळप होता ३८ चा. तपासणीत निघालं ते नाव डॉक्टरांच्या भाषेत मोठं आहे, पण आमच्याकडं ते शेंबडं पोरही ओळखतं: घटसर्प.

मी सातवीत होते तेव्हा आत्याची म्हैस घटसर्पानं गेली. आषाढातली रात्र होती, पाऊस थांबत नव्हता. संध्याकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही. आत्यानं गळ्याखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. "विस्तू झालाय गे!" मग गळा सुजत गेला, जीभ बाहेर आली, श्वास घर्र घर्र वाजू लागला, सगळ्या गोठ्यात ऐकू येईल असा. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत उजाडलं, तोवर सगळं आटोपलं होतं. त्या वर्षी मिरगाच्या आधी लस टोचायची राहून गेली होती. चूक घरचीच. आत्यानं ती स्वतःला कधी माफ केली नाही. तेव्हापासून आजपर्यंत तिच्या गोठ्यात लस चुकलेली नाही.

या रोगाचा पाश्चुरेला नावाचा जंतू धडधाकट जनावराच्या घशातही निमूट बसून असतो. हवा पालटली, ओल वाढली, जनावरावर ताण आला की तो उठतो, आणि एकदा उठला की एक-दोन दिवसांत खेळ संपतो. म्हशीला लस टोचणं सोपं, दाव्याला धरलं की झालं. काळविटाचं तसं नसतं. ते इतकं भित्रं की धरपकडीच्या नुसत्या धसक्यानं त्याचे स्नायू आतून खराब होतात, आणि सुटल्यावरही ते मरू शकतं. पळणं हेच त्याचं शस्त्र, आणि कुंपणात पळून जाणार कुठं? ही बातमी वाचून कुणावर तरी खापर फोडणं सोपं होतं. मला आत्यामुळं तसं करवत नाही. एका रात्रीत गोठा कसा रिकामा होतो ते मी पाहिलं आहे.

काळविटांच्या कुंपणाशी आम्ही पोचलो तेव्हा लांब झाडाच्या सावलीत दोन माद्या दिसल्या. तांबूस पाठ, पांढरं पोट. एक चरत होती, दुसरी मान ताठ करून आमच्याकडं बघत होती, कान पुढं, एक पाय अर्धवट उचललेला. आत्या कठड्याला धरून कितीतरी वेळ उभी राहिली. शेजारच्या बाकावर इरकल नेसलेली, आत्याच्याच वयाची एक कानडी बाई बसली होती, जवळच्याच खेड्यातली. तिनं आमच्याकडं बघून मान हलवली आणि आपल्या गळ्यावर हात ठेवून म्हणाली, "गंटलु बेने." आत्याला कानडी मोडकंतोडकं येतं, पण हे सांगावं लागलं नाही. तिनंही आपल्या गळ्यावर हात ठेवला. "व्हय अक्का, घटसर्प." मग दोघी बाकावर बसून राहिल्या. बाईच्या दोन एम्मे, म्हणजे म्हशीच, आत्याच्या तीन. लस कधी, कुठल्या महिन्यात, डॉक्टर वेळेवर येतो का नाही. अर्धं कानडी, अर्धं मराठी. माझ्या आयुष्यात वन्यजीवांवर ऐकलेली ती सगळ्यात खरी चर्चा होती.

कारण कुंपण माणसाला अडवतं, रोगाला नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात डिस्टेंपरच्या साथीत वीसच्या वर सिंह गेले, आणि तो आजार मूळचा कुत्र्यांत दिसणारा. आज गुजरातेत ८९१ सिंह आहेत, २०२५ ची मोजणी, पण ते सगळे एकाच भागात असल्यामुळं जाणकारांना घोर आहे. भुतरामहट्टीच्या आसपासच्या गावांत गोठे आहेत, कुत्री आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत. त्या गोठ्यांतल्या लशींचा आणि या कुंपणातल्या जनावरांचा मेळ घालावा, दर उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या गवळ्यांना इथं बोलवावं, त्यांचं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. जनावर आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांत काय बदलतं हे या बायका जाणतात.

दत्तक योजनेची माहिती मी घेतली. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याचा वर्षाचा खर्च उचलता येतो. कोविडच्या काळात राज्यातल्या प्राणीसंग्रहालयांना याच वाटेनं लोकांनी हात दिला होता. आमच्या भिशीतल्या बायकांना विचारणार आहे. आणि एक इच्छा. आपल्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी. ती पिंजऱ्यात नकोच. पण इथून सिंह बघून जाणाऱ्या पोराला ती वटवाघळं ठाऊक असावीत. भाच्याला बसमध्ये सांगितलं तर तो सगळा रस्ता त्याच्यावरच प्रश्न विचारत होता.

कडोलीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चप्पल काढायच्या आधी आत्या गोठ्यात गेली. तिन्ही म्हशींच्या गळ्याखालून एकेक करून हात फिरवला, शेवटच्या रेडीपाशी जरा जास्त थांबली.

"गार हाय," म्हणाली, आणि पाय धुवायला गेली.