केस येतात, पण मुळाशी टिकत नाहीत

स्फिंक्स मांजराला केसच नसतात, हे अर्धंच खरं. खिडकीतल्या उजेडात तिची पाठ तिरपी धरून बघा, बारीक लव चमकते. नाकाच्या दांड्यावर आणि कानांमागे तर चक्क केसही सापडतात. मिशा मात्र तुटक्या, नाहीतर नाहीतच.

केस तयार होतो, पण त्याला मुळाशी धरून ठेवणारं आतलं आवरण कच्चं निघतं. ते ज्या प्रथिनांनी बनतं, त्यांतलं एक केरॅटिन ७१. त्याच्या जनुकात बिघाड असला की केसाचा कंद नीट पोसला जात नाही आणि केस गळतो किंवा तुटतो. हा बिघडलेला जनुक आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून केसाळ मांजरीच्या वेतातही असं पिल्लू निघू शकतं. १९६६ साली टोरांटोत तसंच झालं होतं. रशियातल्या डॉन्स्कॉय जातीत वेगळाच जनुक आहे, तिथे एकाच बाजूने आला तरी पुरतो. स्फिंक्स हे नाव इजिप्तच्या पुतळ्यावरून, जात कॅनडाची. तिला नागपूरचं ऊन आपोआप मानवेल असं अजिबात समजू नका.

खरं काम कातडीतून सुटणाऱ्या तेलाचं आहे. इतर मांजरांचं तेल केसांवर पसरतं, इथे ते कातडीवरच साचतं आणि गादीवर तपकिरी डाग पडतात. आठवड्यातून एकदा अंघोळ घाला. टबात चार बोटं कोमट पाणी, मांजरांचा सौम्य शाम्पू, मऊ फडकं. मानेच्या वळ्या, काखा आणि बोटांच्या बेचक्या आधी पुसा. नखाच्या बुडाशी काळपट मळ धरतो, तो नख हलकेच दाबून बाहेर काढून पुसावा लागतो. कानातला मळ क्लीनर लावलेल्या कापसाने, दिसतो तेवढाच. रोज अंघोळ घातली तर कातडी कोरडी पडून खाज सुटते. आपल्याकडचं संत्र्याच्या सालीचं उटणं कृपा करून वापरू नका. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं तेल मांजरांना बाधतं. अंघोळ झाली की कूलर बंद ठेवून लगेच कोरडं करा.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी गच्ची बंद, कारण कातडी भाजते. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, चाटण्यातून झिंक ऑक्साइड पोटात जातं. डिसेंबरात पारा ८-१० अंशांवर आला की सुती अंगरखा घाला, तेल लागून कळकट होतो म्हणून दोन-तीन बदलते ठेवा. ऊब टिकवायला जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे खाणंही वाढतं.

ॲलर्जी असलेल्यांनी केस नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये, ती लाळेतल्या आणि कातडीच्या तेलातल्या प्रथिनामुळे होते. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, म्हणून पिल्लू घेताना आई-बापाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट मागा.

आणि साध्या घरच्या मांजराचे केस गोल चट्ट्यांनी जात असतील, कडेला कोंडा असेल, तर तो गजकर्ण असू शकतो. तो माणसालाही लागतो. मलम स्वतःच्या मनाने लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.