कोपऱ्यावरचा इराणी आणि दहा बाय बाराची खोली

गिरगावात जायचं म्हणजे चर्नी रोडला उतरायचं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की परवा मेट्रोने जाताना सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. डोंबिवलीहून दादर, दादर स्टेशनातून बाहेर पडून गोखले रोडपर्यंत चालत आणि तिथून जमिनीखाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि गिरगावला स्वतःचं स्टेशन मिळालं. गार डब्यातून उतरून सरकत्या जिन्याने वर आलो, तर एकदम गिरगाव. समुद्राचा वारा नाही, स्टेशनचा पूल नाही, काही नाही. ज्या गावात जन्मलो आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत राहिलो, तिथे दोन मिनिटं उभं राहून दिशा शोधावी लागली.

निघताना आईला विचारलं होतं, "काय आणू तिकडून?"

"मावा केक मिळाला तर आण," ती म्हणाली. "आपल्या इराण्याकडचा आता कुठला मिळायला. कुठलाही चालेल."

आपला इराणी. त्याच्या हॉटेलला नाव होतं, दारावर मोठी पाटीही होती. पण आमच्या चाळीत ते नाव कोणी घेतलं नाही. आम्ही ज्या नाक्यावर वाढलो, त्या नाक्यावरचा म्हणून तो 'कोपऱ्यावरचा'. मी परवा गेलो ते अशा जागा बघायला. हॉटेलं तर उरलेली नाहीत. ती जिथे होती, त्या जागा.

आमची खोली दहा बाय बाराची. आजी, आई-बाबा, काका, मी आणि धाकटी बहीण, अशी सहा माणसं. मोरी आतच, संडास गॅलरीच्या टोकाला. दिवसा पलंगाखाली गाद्या आणि रात्री त्याच गाद्यांवर आम्ही. बाबांना भेटायला कोणी आलं की आजी सुपारीचा डबा पुढे करायची, आई स्टोव्ह पेटवायला वळायची आणि बाबा उभे राहून म्हणायचे, "राहू दे. आम्ही जरा खाली जाऊन येतो." खाली म्हणजे इराण्याकडे. उधारीचं बोलणं, नोकरीचं बोलणं, भावाभावांतलं वाटणीचं बोलणं, सगळं खाली. काकाचं लग्न ठरलं तेही खालीच, दोन्हीकडचे पुरुष संगमरवरी टेबलाभोवती बसून. गिरगावातल्या हॉटेलांबद्दल लिहिताना लोक पदार्थांबद्दल लिहितात. मला आधी आठवते ती तिथली जागा. पन्नास पैशांच्या चहात तासभर ऐसपैस बसायला मिळायचं. उंच छत, सावकाश फिरणारा पंखा, भिंतभर आरसे. आरशांमुळे ते दुकान होतं त्याच्या दुप्पट दिसायचं. शाळेतून येताना मी उगीच दारात उभा राहून ती मोकळी जागा बघायचो.

हे इराणी लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईत येत गेले, बहुतेक यझ्द आणि केरमान भागातले झरथुष्ट्री. इमारतीचा कोपऱ्यावरचा गाळा हिंदू दुकानदारांना अशुभ वाटायचा, म्हणून तो त्यांना स्वस्तात मिळाला, असं आमच्याकडे सगळे सांगायचे. खरंखोटं देव जाणे, पण कोपऱ्यामुळे दोन रस्त्यांना दारं मिळायची आणि दोन्हीकडून उजेड आणि वारा, हे मात्र मी रोज बघितलेलं आहे. आमच्या इराण्याकडे वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या होत्या. गल्ल्यामागे काचेच्या बरण्यांची रांग, त्यांत खारी, नानखटाई, बटर. गल्ल्यावर स्वतः शेट. शेटना मराठी बेताची यायची, पण चाळीतल्या प्रत्येक मुलाचा बाप कोण हे ठाऊक असायचं.

सकाळी तिथे पेपर यायचा आणि आल्या आल्या त्याची पानं सुटी व्हायची. एका टेबलावर पहिलं पान, दुसऱ्यावर खेळाचं, तिसऱ्यावर छोट्या जाहिराती. वाचून झालं की पान पुढच्या टेबलावर सरकवायचं. बाबांनी आयुष्यभर पेपर असाच वाचला, उलटसुलट, पाचव्या पानावरून पहिल्यावर. डोंबिवलीला आल्यावर पेपर घरी येऊ लागला, तरी ते त्याची पानं आधी वेगळी करायचे.

दुकानाच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांच्या तीन केबिन होत्या. अर्धी दारं, त्यांना आतून कापडी पडदा, वर 'फॅमिली' अशी पाटी. आई हॉटेलात बसली ती पहिल्यांदा त्या केबिनमध्ये. तोवर लग्नाला आठ वर्षं झाली होती. बाबांचा पगार झाला की महिन्यातून एका संध्याकाळी आम्ही तिघं तिथे जायचो. बहीण लहान म्हणून तिला आजीजवळ ठेवायचो. आई बाकावर भिंतीला टेकून बसायची आणि पदर सारखा करून पडदा ओढून घ्यायची. मग पोऱ्या यायचा. बाबांचा चहा 'पानी कम', म्हणजे दूध जास्त आणि कडक. माझा ब्रून-मस्का. आईचा एक मावा केक.

तो केक ती कसा खायची ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. केकभोवतीचा तुपकट कागद ती नखाने एका जागी सोडवायची, मग गोल फिरवत एका तुकड्यात काढायची, न फाडता. कागद बशीत सपाट करायची. केकचे मधोमध दोन भाग करायची, आणि त्यातला एक लगेच त्याच कागदात गुंडाळून पिशवीत. "तिला," एवढंच म्हणायची. उरलेला अर्धा चिमटीचिमटीने, चहा संपेपर्यंत पुरवायचा. निघताना पोऱ्या दुकानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेटकडे बघून बिल ओरडायचा, "फॅमिली, दो-दस!" आणि बाबा ताठ चालत गल्ल्याकडे जायचे.

परवा त्या कोपऱ्यावर गेलो. औषधांचं दुकान आहे. दोन्ही रस्त्यांकडची दारं आहेत, पण एक काच लावून बंद केलंय. आत पांढरे दिवे, छत खाली आणलेलं. डोकेदुखीची गोळी घ्यायच्या निमित्ताने आत शिरलो आणि केबिन होत्या तिथवर नजर टाकली. फ्रीज आहे. जमिनीवर मात्र गल्ल्यापाशी हातभर जागेत जुन्या रंगीत फरशा तशाच दिसल्या, हिरवी पाकळी आणि मधे लाल ठिपका. मी इतका वेळ खाली बघत राहिलो की दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, काही पडलं का?"

तिथून चालत खोताच्या वाडीत गेलो. तिथली लाकडी जिन्यांची, रंगवलेल्या कठड्यांची, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मुंबईच्याच जुन्या ख्रिस्ती कुटुंबांची घरं बघायला आता लोक कॅमेरे घेऊन येतात. आमच्यासाठी खोताची वाडी म्हणजे अनंताश्रम. गोव्याकडच्या पद्धतीचं माशांचं जेवण. सजावट नाही, मेनूकार्ड नाही, ताज्या माशांचं जे त्या दिवशी आलं तेच. तळलेला बांगडा नाहीतर सुरमई, ओल्या खोबऱ्याचं आंबट-तिखट कालवण, भात आणि सोलकढी. गप्पा मारत रेंगाळायची ती जागा नव्हती. बाहेर माणसं तिष्ठत असायची. जेवलात, उठलात, पुढच्याला जागा दिलीत. इराण्याकडे आम्ही जागेसाठी जायचो, इथे निव्वळ जेवणासाठी. काका मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेला तो दहावीच्या निकालाच्या दिवशी. काका त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. स्वतःच्या बांगड्याचा पोटाकडचा भाग काढून माझ्या ताटात ठेवला, एवढंच.

अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा वाडीत तीच दुपारची शांतता होती, एका घरातून मासे तळल्याचा वास येत होता आणि वासाच्या मागे मी नकळत डावीकडे वळलो. माझे पाय अजून तिथेच जातात.

मराठी उपाहारगृहांतली काही अजून उभी आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. विनय हेल्थ होमची मिसळ मिळते, पणशीकरांचं पीयूष मिळतं. पण आमच्या वाडीच्या तोंडाशी जे होतं ते गेलं. लांब बाकं, पाण्याचं पितळी पिंप, फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा पदार्थ. डाळिंबी उसळ लिहिलेली असली की फळा वाचणारा माणूस आपोआप आत वळायचा. केळेवाडीत साहित्य संघाचं नाटक असलं की मालक भट्टी विझवायचे नाहीत. तिसरा अंक संपून माणसं बाहेर पडायची, आणि बटाटेवडे तेलात सोडल्याचा आवाज यायचा. नाटक आवडलं की नाही ते मालकांना पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. त्यांच्या मुलाने काही वर्षं चालवलं, पण पहाटे चारला उठून बटाटे उकडत ठेवायचे आणि रात्री अकराला गल्ला मोजायचा, हे त्याच्या मुलाने करू नये असं त्यालाच वाटलं. मी त्याला दोष देत नाही. माझ्या मुलाने केलं असतं का?

लोक म्हणतात, नव्या पिढीला पिझ्झा-बर्गर लागतात म्हणून ही हॉटेलं गेली. मला ते पटत नाही. ही हॉटेलं चालायची ती गाळ्याच्या भाड्यावर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली होती, म्हणून पन्नास पैशांच्या चहावर माणसाला तासभर बसू देणं परवडायचं. इमारती जुन्या झाल्या, पुनर्विकासाला गेल्या, काही मेट्रोच्या कामात पाडल्या गेल्या. नव्या गाळ्याच्या किमतीत तसा चहा कोण विकणार? इराण्यांची पुढची पिढी शिकून परदेशी गेली. आणि गिऱ्हाईक कुठे उरलं होतं? गिरगाव सोडून आम्हीच बोरिवली, ठाणे, डोंबिवली धरली. तिथे दोन खोल्या मिळाल्या. पाहुणा आला की त्याला बसवायला हॉल होता. बाबांनी डोंबिवलीला आल्यानंतर कोणाला चहाला बाहेर नेल्याचं मला आठवत नाही. आमच्या इराण्याचं दार बंद झालं तेव्हा आम्हाला गिरगाव सोडून दोन वर्षं झाली होती, आणि बातमी कळली तीही कोणाच्या तरी बाराव्याला.

ठाकूरद्वारवरून चिराबाजारातून चालत धोबीतलावला आलो. पाय दुखत होते, पण केक आणायचा होता. मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचं. त्याच नाक्यावर बास्तानी होतं. तेही जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. कॉलेजात असताना आम्ही मित्र दोन्हीकडे जायचो आणि कोणाचा ब्रून जास्त कडक यावर भांडायचो. मी बास्तानीच्या बाजूचा होतो. तिथून पुढे काळा घोड्याला वेसाइड इन होतं, जिथे अरुण कोलटकर बसायचे, आणि जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार, जे १९६४ ला सुरू झालं आणि मार्च २०१५ ला बंद झालं. समोवार बंद व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी ऑफिस सोडून तिकडे गेलो होतो. त्या लांबट जागेत संग्रहालयाच्या बागेकडे तोंड करून पराठा खाल्ला आणि एकटाच बसलो. आमच्या इराण्याच्या शेवटच्या दिवशी मला जाता आलं नव्हतं, ते मनात होतं.

कयानीत गर्दी होती. एका मुलाने पंचवीस-तीस फोटो काढले असतील, मग चहा प्यायला. काढू देत, फोटो तरी राहतील. मला भिंतीकडेला एकट्याची जागा मिळाली. चहा आला, आधी बशीत ओतून थंड केला. ब्रून कडक होता, लोणी चहात पडून पिवळे ठिपके तरंगले. समोरच्या खुर्चीवर साठीच्या पुढचे एक गृहस्थ येऊन बसले. "इथलेच का तुम्ही?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "ठाकूरद्वारचा. म्हणजे होतो." ते फणसवाडीचे निघाले, आता विरारला राहतात. पुढची चाळीस मिनिटं आम्ही दोघांनी मिळून रस्त्याच्या दोन्ही बाजू दुकान-दुकान करत भरून काढल्या. कुठे कोणाचा गाळा, कुठली पायरी तुटकी, कोणाकडची भजी चारला आणि कोणाकडची पाचला निघायची. आमच्या इराण्याकडच्या केबिन तीन होत्या की चार, यावर आमचं एकमत झालं नाही. ते चार म्हणत होते. नावं विचारायची दोघंही विसरलो.

सहा मावा केक बांधून घेतले. घरी पोहोचायला साडेआठ झाले. आईने आता चौऱ्याऐंशी पूर्ण केली, रात्री ती फारसं खात नाही. पण पुडा बघून उठून बसली आणि चहा टाकायला सांगितला. मी बशीत केक ठेवला. कागदाची कड तिला दिसेना, बोटांनी चाचपून तिने ती शोधली आणि नख घालून हळूहळू गोल फिरवत कागद काढला. थोडा फाटला. तिने तो बशीत सपाट केला, केकचे दोन भाग केले आणि एक परत कागदात गुंडाळला.

"अगं, अजून पाच आहेत," मी म्हटलं.

"असू देत. रविवारी ती येणार आहे ना," आई म्हणाली, आणि पुडी उशाशी ठेवून उरलेला अर्धा चहात बुडवला.