पार्त्सिफाल शहाण्यासारखा वागला आणि तिथंच घोळ झाला

१२००च्या आसपास वोल्फ्राम फॉन एशेनबाख नावाच्या जर्मन कवीने ‘पार्त्सिफाल’ लिहिलं, जवळपास २५,००० ओळींचं. घोडे, भाले, राण्या सगळा मसाला आहे, पण मला विचाराल तर अख्खी कथा एका न विचारलेल्या प्रश्नाची आहे.

बाप लढाईत गेलेला, म्हणून आई पार्त्सिफालला जंगलात वाढवते, नाईट (चिलखत घालून लढणारा घोडेस्वार योद्धा) हा प्रकार कानावरसुद्धा पडू द्यायचा नाही. तरी एक दिवस चिलखतातले नाईट दिसतातच, ह्याला वाटतं देवच आले, आणि निघाला की हा! आई मुद्दाम येड्याचे कपडे घालून पाठवते, लोक हसतील, बदडतील, मग येईल परत. तो काही येत नाही, आणि ती तिथेच कोसळून मरते, ह्याला पत्ताही नाही. पुढे इथर नावाच्या नाईटला ठार मारतो, का तर त्याचं लाल चिलखत हवं होतं. तोही नात्यातलाच निघतो.

मग गुर्नेमान्त्स हा म्हातारा सरदार त्याला माणसात आणतो. कसं बसायचं, कसं लढायचं, आणि हो, उगाच फार प्रश्न विचारायचे नाहीत. सल्ला तसा काही वाईट नाही, आपल्याकडेही पाहुण्यांसमोर पोरांना हेच सांगतात.

आणि नेमका तेव्हा तो ग्रेलच्या (म्हणजे दंतकथेतल्या पवित्र, चमत्कारी वस्तूच्या) किल्ल्यात पोचतो. यजमान राजा आन्फोर्टास, जांघेत विषारी भाल्याची जखम, धड बसता येत नाही की झोपता येत नाही. रक्त ठिबकणारा भाला दालनात आणतात तर सगळे हंबरडा फोडून रडतात, मग ग्रेल येतो (वोल्फ्रामकडे तो एक दगड आहे, प्याला नाही), त्यातून हवं ते खायला प्यायला मिळतं, राजा स्वतःची तलवार ह्याला भेट देतो, म्हणजे विचार ना बाबा आता तरी, हे काय चाललंय. हा गप्प. मॅनर्स! सकाळी उठतो तर किल्ला रिकामा, बाहेर पडताना मागून पूल असा खसकन ओढतात की घोडा पडता पडता वाचतो, आणि आतून एक नोकर ओरडतो, ‘मठ्ठ हंस आहेस नुसता, तोंड उघडून विचारलं का नाहीस?’

हे सगळं वोल्फ्रामच्या डोक्यातलं नाही, मूळ कथा फ्रेंच कवी क्रेतिएँ द त्रोआची, ती अर्धवट राहिलेली. पण तिथले प्रश्न म्हणजे भाल्यातून रक्त का येतं, ग्रेलमधून कुणाला वाढतात, असे कोड्यासारखे. वोल्फ्रामने शेवटी तो प्रश्न पार साधा करून टाकला: मामा, काय होतंय तुम्हाला? (आन्फोर्टास त्याच्या आईचा भाऊ.) एवढं विचारलं की राजा बरा. आणि हे ऐकणारे कोण, तर दरबारातलेच लोक, ज्यांची सगळी इज्जत रीतभात आणि संयमावर उभी होती. त्यांना तोंडावर सांगायचं की हे सगळं येऊनही माणूस दगड असू शकतो, ह्याला डेरिंग लागतं.

अजून एक कॅरेक्टर आहे, फाइरेफिझ, पार्त्सिफालचा सावत्र भाऊ, आई काळी राणी बेलाकाने, म्हणून ह्याची कातडी मॅगपाय पक्ष्यासारखी काळीपांढरी. दोघं एकमेकांना न ओळखता लढतात, पार्त्सिफालची तलवार तुटते, तर हा ‘काफिर’ आपलीही तलवार फेकून देतो, निःशस्त्र माणसाशी काय लढायचं म्हणून. कथेतला सगळ्यात दिलदार नाईट ख्रिश्चन नाहीच! पण वोल्फ्रामला फार डोक्यावर घ्यायला नको, कारण फाइरेफिझला ग्रेल दिसतच नाही, बाप्तिस्मा घ्यावा लागतो, आणि तो घेतो तेही ग्रेल वाहणारी रेपान्स आवडली म्हणून, तिच्याशी लग्न करायचं तर कुठलाही देव चालेल असा एकूण सूर. मग दोघं जातात कुठे, तर चक्क भारतात, तिथे त्यांना मुलगा होतो, तो दंतकथेतला ख्रिस्ती राजा प्रेस्टर जॉन, आणि फाइरेफिझ तिथे ख्रिस्ती धर्माचा प्रसार करवतो. वोल्फ्रामच्या डोक्यातला भारत म्हणजे कुठेतरी लांब पूर्वेला असलेला श्रीमंत मुलूख, बाकी तपशिलाशी त्याला काही घेणंदेणं नाही.