एक तोळ्याची गोळी

सोलापूरच्या सराफ बाजारातील एका पेढीवर मी चौतीस वर्षे मुनीम म्हणून काम केले. त्यामुळे धातूची कोणतीही वस्तू हातात आली की तिचे वजन मनात आपोआप गुंजांमध्ये होऊ लागते. कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी जूनमध्ये फोन करून विचारले, “मामा, सोडतीत एल्कच्या मादीच्या शिकारीचे परमिट लागले आहे. 180 ग्रेनची गोळी घेऊ की 165 ग्रेनची?” एल्क म्हणजे तिकडचे मोठे हरीण. माझ्या तोंडून पहिले उत्तर निघाले ते असे : “180 ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा.” भाचा हसला, पण हा हिशेब खरा आहे. इंग्रजांनी 1833 मध्ये तोळ्याचे वजन 180 ग्रेन ठरवले आणि अमेरिकेतील काडतुसांच्या पेट्यांवर आजही तोच ग्रेन छापलेला असतो. 96 गुंजांचा तोळा धरला, तर 165 ग्रेनची गोळी 88 गुंजा भरते आणि 150 ग्रेनची 80 गुंजा.

त्याने हा प्रश्न मला विचारण्याचे कारण एवढेच, की घराण्यात बंदुकीची माहिती असलेला मी एकटाच उरलो आहे. मोहोळ तालुक्यातील आमच्या शेताच्या राखणीसाठी वडिलांकडे परवान्याची 315 बोअरची रायफल होती. तिची 244 ग्रेनची, म्हणजे 130 गुंजांची बोजड गोळी असलेली काडतुसे खडकीच्या कारखान्यातून येत. त्यात निवडीचा प्रश्नच नसे. दुकानात जे काडतूस असेल ते, आणि परवान्यावर नोंद होईल तेवढेच घ्यायचे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये आला तेव्हापासून त्या रायफलीने रानडुकरांना पळवून लावण्यासाठी हवेत बार काढण्यापलीकडे काही केले नाही आणि प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा होत राहिली. सप्टेंबरअखेर मी भाच्याकडे गेलो आणि त्याच्याबरोबर काडतुसांच्या दुकानात शिरलो, तेव्हा एका अख्ख्या भिंतीवर मांडलेल्या पेट्या पाहून, लग्नसराईत पेढीवर पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकासारखी माझी अवस्था झाली.

सावजापासून सुरुवात करू. नान्नजच्या माळावरील काळवीट जेमतेम चाळीस किलोचे असते. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास असते आणि नर तीनशे किलो सहज ओलांडतो. थोडक्यात, हे आपल्या सांबराच्या तोलामोलाचे जनावर आहे : जाड कातडे, रुंद फरा आणि फऱ्याखाली दडलेली सुमारे सव्वा फूट उंचीची हृदय-फुप्फुसांची जागा. गोळीला पोहोचायचे असते ते या जागेपर्यंत, आणि तेही वाटेत हाड लागले तरी. कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान 24 शतांश इंच व्यासाची, किमान 85 ग्रेन वजनाची, लागल्यावर पसरणारी आणि 100 यार्डांवर किमान 1000 फूट-पौंड जोर शिल्लक असलेली गोळी मागतो. हे झाले किमान. जाणती माणसे याहून बरेच वर राहतात.

काडतुसाच्या जातीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. 1906 सालचे थर्टी-ऑट-सिक्स, 1925 सालचे टू-सेव्हन्टी विंचेस्टर, 1962 सालचे सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि त्याच्या पुढच्या वर्षी आलेले थ्री-हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम, या चारही जातींनी एल्क पडत आलेले आहेत. त्यांपैकी कोणती सरस, हा वाद तिकडे कितीही रंगत असला तरी बंदूक घरात असेल तर तो वाद संपलेला असतो. मॅग्नमबद्दल, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसाबद्दल, इतकेच सांगतो, की तिचा धक्का ज्याच्या खांद्याला सोसत नाही तो मनुष्य चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, आणि मग वाढलेला जोर गोळीबरोबर झाडीत जातो. भाच्याकडे थर्टी-ऑट-सिक्स होती, त्यामुळे आमचा प्रश्न उरला तो फक्त पेटीचा.

इथे माझा पेढीवरचा अनुभव कामाला आला. एकाच वजनाच्या दोन बांगड्या तराजूत सारख्याच उतरतात, पण एक आतून भरीव असते आणि दुसरी लाखेवर मढवलेली, आणि वापरात पडल्यावरच दोघींतला फरक कळतो. गोळ्यांचेही तसेच आहे. सर्वांत साध्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे पातळ कवच ओढलेले असते; टोकाचे शिसे उघडे असते आणि आघाताबरोबर ती छत्रीसारखी उमलते. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट ही या पठडीतील गोळी 1939 पासून विकली जात आहे आणि मध्यम वेगाला ती आपले काम चोख करते. मात्र वेग फार असेल आणि जनावर जवळ असेल, तर कवच एकीकडे आणि शिसे दुसरीकडे जाण्याची शक्यता असते, आणि अशी फुटलेली गोळी फऱ्याच्या हाडावरच संपते. जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूस या महाकाय हरणावर हाच अनुभव आला आणि दोन वर्षांनी त्यांनी मधोमध तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी बाजारात आणली : पडद्यापुढचे शिसे उमलते, मागचे शाबूत राहून आत घुसत जाते.

याच दुखण्यावरचा दुसरा इलाज म्हणजे गाभा आणि कवच एकजीव करणे. तिकडे त्याला ‘बॉन्डेड’ म्हणतात; आमच्या पेढीवरचा कारागीर ‘डाक लावलेली’ म्हणाला असता. अशी गोळी उमलते, पण सुटी होत नाही. तिसरा इलाज म्हणजे शिसे काढूनच टाकायचे आणि सबंध गोळी तांब्याची करायची. तिच्या टोकाच्या पोकळीतून पाकळ्या उलगडतात आणि जवळजवळ सगळे वजन तिच्याबरोबर पार जाते. परंतु तांबे शिशाइतके मऊ नसल्यामुळे पाकळ्या उलगडण्यासाठी तिला वेग हवा असतो. म्हणूनच, जी फार लांबून आणि मंदावून पोहोचणार असेल, त्या तांब्याच्या गोळीचा मला भरवसा वाटत नाही. स्पर्धेसाठी बनवलेल्या गोळ्या कागदावर कितीही देखणी नक्षी काढोत, त्या जनावरावर वापरू नयेत, एवढे सांगून तो विषय सोडतो.

आम्ही तीन पेट्या घेतल्या : एक साधी 180 ग्रेनची, एक डाक लावलेली 180 ग्रेनची आणि एक सबंध तांब्याची 165 ग्रेनची. प्रत्येकीत वीस काडतुसे होती आणि शेवटच्या दोन पेट्यांची किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट होती. तिन्ही पेट्या घेण्याचा आग्रह माझा होता, कारण आपल्या नळीला कोणते काडतूस मानवते हे पेटीवर छापलेले नसते. दोन रायफली एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडल्या तरी त्यांची आवड वेगळी निघते.

नेमबाजीच्या मैदानावर भाच्याने बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून 100 यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे संच झाडले. सर्वांत स्वस्त पेटीने सर्वांत घट्ट संच दिला : तिन्ही भोके सव्वा इंचात. डाक लावलेलीने दीड इंच घेतला. तांब्याच्या गोळ्या मात्र तीन इंचांत विखुरल्या, आणि भाच्याने ती पेटी लगेच बाजूला सारली. पुढे कळले की दोष गोळीचा नसावा. आधीच्या गोळ्यांचा मळ नळीत साचलेला असताना तांब्याची गोळी झाडली, तर ती अनेकदा अशीच वागते. नळी स्वच्छ करून पुन्हा झाडायला हवे होते. तेवढा विचार त्या दिवशी आम्हा दोघांनाही सुचला नाही.

त्याच बाकावर वेग मोजण्याचे यंत्रही होते. पेटीवर सेकंदाला 2700 फूट असे छापलेले होते आणि यंत्र 2640 च्या आसपास दाखवत होते. भाचा नाराज झाला; मला काही नवल वाटले नाही. कारखान्यातील चाचणी बहुधा 24 इंची नळीतून होते आणि भाच्याची नळी 22 इंचांची आहे. नळीचा प्रत्येक इंच कमी झाला की वीस-तीस फुटांचा वेग कमी होतो. घरी परतल्यावर त्याने गोळीच्या उतरणीचा तक्ता या खऱ्या वेगावरून नव्याने मांडला. 200 यार्डांवर नेम बांधला, तर 300 यार्डांवर गोळी आठ-नऊ इंच खाली येते आणि 400 यार्डांवर दोन फूट. समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांवरच्या सोलापुरात झाडली असती तर ती थोडी अधिक उतरली असती, कारण एल्क राहतो त्या नऊ हजार फुटांवर हवा विरळ असते. त्या विरळ हवेत गोळी खूश असते. माझी मात्र दहा पावलांत धाप लागत होती.

आता निवड साधी आणि डाक लावलेली यांच्यात होती. पाव इंचाच्या फरकाने सव्वा फुटाच्या जागेवर काहीही बिघडत नाही, असे माझे म्हणणे होते, आणि जनावर आपल्याला सोयीची बाजू दाखवून उभे राहीलच याची हमी कोणी देत नाही. थर्टी-ऑट-सिक्सच्या वेगाला साध्या गोळीनेही बहुधा काम भागले असते, हे मी आजही मान्य करतो. तरी आम्ही डाक लावलेली घेतली आणि त्याच लॉट क्रमांकाच्या आणखी दोन पेट्या आणून ठेवल्या; दारूचा लॉट बदलला की वेग बदलू शकतो.

ऑक्टोबरमध्ये, नारिंगी जाकीट आणि टोपी घालून, मी केवळ प्रेक्षक म्हणून त्याच्यामागे चाललो. तिसऱ्या दिवशी सकाळी 140 यार्डांवर एक मादी पुढ्यात आली, पण ती तिरकी उभी होती, तोंड आमच्याकडे वळवून. भाच्याने फऱ्याच्या पुढच्या कडेवर नेम धरला. बार झाल्यावर ती चाळीसेक पावले धावली आणि खाली बसली. कातडे काढताना पलीकडच्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांपाशी, कातड्याच्या आतल्या अंगाला, गोळी हाताला लागली : अळंबीच्या छत्रीसारखी उमललेली, एका कडेला हाडाचा बारीक कपचा अडकलेला, आणि बुडाशी कवच अजून शिशाला घट्ट धरून बसलेले.

घरी आल्यावर मी ती गोळी सूनबाईंच्या मसाले मोजायच्या काट्यावर ठेवली. काटा 8.9 ग्रॅमवर स्थिरावला. तोळ्याचे 11.66 ग्रॅम धरले, तर शंभरातले शहात्तर भाग शिल्लक होते, म्हणजे 73 गुंजा. उरलेल्या 23 गुंजा त्या तिरक्या वाटेवर कुठेतरी सांडल्या होत्या, आणि सूनबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला : “मामा, मग ते शिसे मांसात गेले का?” घरात दोन वर्षांचे मूल आहे. मी खोटे बोललो नाही. जखमेभोवतीचे वीतभर मांस आम्ही आधीच काढून टाकले होते. तिच्या शब्दाखातर पुढचा तो सबंध फराच बाजूला केला. ती गोळी सोलापूरला आणावी असे फार वाटत होते, परंतु विमानतळावर सामानात बंदुकीची गोळी सापडल्यावर तिचे मूल्य गुंजांत समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती.

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. यंदाही परमिट लागले आहे, आणि सूनबाईंच्या आग्रहामुळे त्याने तांब्याची ती बाजूला टाकलेली पेटी पुन्हा बाहेर काढली आहे. “मामा, पण ही तर तीन इंच मारते,” तो म्हणाला. मी त्याला सांगितले, की आधी नळी तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने, चिंधीवर निळा डाग येईनासा होईपर्यंत पूस, मग पहिल्या दोन गोळ्या मातीच्या बांधात झाड, आणि त्यानंतरच्या तीन कागदावर मार. त्या कागदाचा फोटो अजून आलेला नाही.